ताणानं चढलेलं वजन आणि फुकटचे सल्ले

"काय बे, लई सुटलास की!"

सोलापुरात हे वाक्य प्रेमानंच म्हणतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण म्हणणाऱ्याला बऱ्याचदा ठाऊक असतं की या माणसाच्या घरात वर्षभर आजारपण होतं, नाहीतर कारखान्याचं पेमेंट अडकलं होतं, नाहीतर पोराची नोकरी गेली होती. तरी पुढचं वाक्य ठरलेलं. "जिम लाव." "पळायला लाग." "रात्रीचं जेवण बंद कर, आपोआप उतरतंय."

माझं वजन वडिलांच्या आजारपणात चढलं. दवाखान्यात पेशंटसोबत राहिलेल्यांना त्या दिवसांतला आहार वेगळा सांगायला नको. दुपारी वडापाव, दर दोन तासांनी कुणीतरी आणलेला गोड चहा, त्यात बुडवायला बिस्किटं. रात्री बाहेरच्या बाकड्यावर अंग दुमडून पडायचं आणि सिस्टरची हाक आली की दचकून उठायचं. घरून डबा यायचा, पण तो उघडायची इच्छा व्हायची नाही. समोरच्या गाड्यावरची भजी मात्र चालायची. हे जिभेचे चोचले नव्हते. ताण लांबला की शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन चढं राहतं आणि जीव गोड-तेलकटाकडे धावतो. त्यात झोप मोडली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी पडतं. चरबी जमते ती बहुतेकांच्या पोटावर.

म्हणून माझं मत असं की या वजनासाठी व्यायाम निवडताना 'यात किती कॅलरी जळतात' हा प्रश्न पहिला नसावा. 'हे केल्यावर रात्री झोप लागते का आणि डोकं जरा शांत होतं का' हे आधी बघावं. ज्या व्यायामानं आधीच पिचलेल्या माणसाच्या मागे अजून एक टार्गेट लागतं, तो कितीही भारी असला तरी त्या वेळी नको.

कॅलरीचा हिशेबही आपल्याला वाटतो तसा नसतो. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात. मूठभर, म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम शेंगदाण्यांत तेवढ्याच असतात. आता आपली शेंगाचटणी कडक भाकरीवर आपण किती घेतो, वर तेल किती ओततो, ते ज्याचं त्यानं आठवावं. (मी चटणी सोडलेली नाही, सोडणारही नाही. तेल कमी केलंय.) एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. नुसत्या चालण्यानं ती उतरवायला पन्नासेक अर्धे तास लागतील. त्यामुळे पार्कात दोन फेऱ्या मारून गाड्यावर इडली-वडा हाणणाऱ्या मंडळींची पोटं वर्षानुवर्षं आहे तिथंच का आहेत, हे कोडं नाही. तरी त्यांना मी हसणार नाही. ती माणसं रोज उठून येतात, चार माणसांशी बोलतात आणि हसत घरी जातात. माझ्या मते त्यांचं निम्मं काम झालेलं असतं. उरलेलं निम्मं ताटात आहे.

चालणंच का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर साधं आहे. त्याला काही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. दिवसाला तीस मिनिटं, पाच दिवस, झालं. वजन वाढल्यावर एकदम पळायला लागलं की आधी गुडघे बोलायला लागतात. सायकल चांगली, पण आपल्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर आणि मालट्रक बघितले की मी कुणाला आग्रह करत नाही.

जिमवाल्यांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते 'तीन महिन्यांत बारा किलो' म्हणून वर्षाची फी एकदम भरून घेणाऱ्यांशी. रात्री दहाला घामाघूम होऊन घरी आल्यावर बारापर्यंत डोळा लागत नसेल, तर मूळ दुखणं तसंच राहिलं. पण ताकदीचा व्यायाम मात्र हवाच, आठवड्यातून दोन दिवस तरी. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात आणि ते टिकवायचे तर त्यांना काम द्यावं लागतं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, घरात एवढं होतं. आणि उचलायचं वजन कसं हळूहळू वाढवत न्यायचं, ते सोलापूरकराला शिकवायला नको. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या आधी नंदीध्वजाचा, त्या उंच जड काठ्या पेलायचा सराव बघा. संक्रांतीच्या दिवशी येऊन थेट कुणी नंदीध्वज उचलत नाही.

पोटाचे व्यायाम करून पोट जात नाही, हेही सांगून टाकतो. शंभर सिट-अप्स मारल्या तरी चरबी कुठून उतरायची हे शरीरच ठरवतं.

बायकांच्या बाबतीत एक वाक्य मला फार खटकतं. "घरकाम करतेय ना, तोच व्यायाम." सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन सकाळपासून बसलेल्या असतात. मान खाली, बोटं चालू, बाकी शरीर जागच्या जागी. त्यातून उठून पुन्हा स्वयंपाक आणि नळाला पाणी आलं की घागरी. दमणूक भरपूर, पण तिला व्यायाम म्हणता येत नाही आणि तिच्यानं ताणही उतरत नाही. अशा बाईला अर्धा तास घराबाहेर, एकटीनं किंवा मैत्रिणीबरोबर चालायला मिळणं हीच मोठी गोष्ट. त्यासाठी घरातल्या पुरुषानं सकाळचा चहा स्वतः करावा. इथं सल्ले देणारे सगळे एकदम गप्प होतात.

वजनकाट्यावर रोज उभं राहू नका. पाणी, मीठ, झोप यानं किलोभर इकडं-तिकडं होतंच. टेप घेऊन कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 आणि बायकांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. आणि खाणं बदललेलं नसताना वजन चढत असेल तर आधी थायरॉइड तपासा. स्टेरॉइडनं आणि मनाच्या काही औषधांनीही वजन वाढतं, पण म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

उन्हाळ्याचं काय, हा प्रश्न येणारच. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सहाच्या आत बाहेर पडायचं आणि ऊन चढायच्या आत परत. उठायला उशीर झाला तर त्या दिवशी घरातच पंख्याखाली सूर्यनमस्कार, जमतील तेवढे. आणि रात्री जेवण झाल्यावर गल्लीत पंधरा मिनिटं शतपावली. तेव्हा कुणी "लई सुटलास की" म्हणालं तर त्यालाही सोबत घ्या.