‘बायोमेडिकलवाला फक्त फोन लावतो’ म्हणे!

हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या ग्रुपांवर एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: यंत्र बिघडलं की कंपनीचा इंजिनिअर येतो, सगळ्याला एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) असतेच, मग बायोमेडिकल तंत्रज्ञाचं (हॉस्पिटलातली वैद्यकीय यंत्रं चालू ठेवणाऱ्याचं) काम उरतं कस्टमर केअरला फोन लावण्यापुरतं. त्याला पंधरा हजार पुष्कळ झाले. परवडत नसेल तर त्याने जावं, बाहेर रांग आहे. आणि यांचे पगार वाढवले तर भुर्दंड शेवटी रुग्णालाच. खाली अंगठ्यांची रास. याच कामावर पोट असल्यामुळे मला गप्प बसवेना.

‘यंत्र बिघडलं की कंपनीचा इंजिनिअर येतो’

येतो की. एमआरआय, सीटी, कॅथ लॅब (अँजिओग्राफीची यंत्रणा) यांच्या पोटात हात घालायला कंपनीचाच माणूस लागतो. सर्व्हिसचा पासवर्ड त्याच्याकडे, पार्ट त्याच्या गोदामात. एवढं मान्य. पण एमआरआयचं मॅग्नेट द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंशांच्या आसपास ठेवलेलं असतं आणि ते तसं ठेवणाऱ्या कॉम्प्रेसरला सतत थंड पाणी लागतं. रात्री हे पाणी थंड करणारा चिलर ट्रिप झाला की हेलियम उडायला लागतं. चिलर, यूपीएस, एसी हे बऱ्याच करारांत हॉस्पिटलच्या गळ्यात असतात. त्या वेळी चिलर रूमकडे पळतो तो आमच्यातलाच कोणीतरी.

शिवाय वॉर्डातलं रोजचं रडगाणं एमआरआयचं नसतंच. सॅच्युरेशन येत नाही, बीपीचा कफ गळतोय, ईसीजीची लीड आतून तुटलीय, बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरचा स्किन प्रोब भलतंच तापमान दाखवतोय, ऑटोक्लेव्हच्या (हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) दारातून वाफ जातेय. प्रत्येक वेळी कंपनीच्या माणसाची वाट बघत बसलं तर आयसीयूला टाळं ठोकावं लागेल.

एक नेहमीचा किस्सा सांगतो. सिस्टर फोन करतात, ‘सिरिंज पंप खराब आहे, औषध वेळेआधीच संपतंय.’ कंपनीत कॉल लावला तर दोन दिवसांनी माणूस येतो, पंप तपासतो, ‘दोष आढळला नाही’ असं लिहून जातो, आणि पंप पुन्हा तसाच वागतो. कारण अनेकदा पंपात नसतंच. पंप दट्ट्या किती सरकला त्यावरून मिलिलिटर मोजतो आणि पन्नास मिलीच्या सिरिंजचा आतला व्यास ब्रँडप्रमाणे बदलतो. स्टोअरने या महिन्यात स्वस्त पडली म्हणून दुसऱ्या ब्रँडची सिरिंज घेतली, पंपाच्या मेनूत मात्र जुनाच ब्रँड निवडलेला. झालं, डोस चुकला. सिरिंज जर इनोट्रोपची, म्हणजे हृदयाचा जोर वाढवणाऱ्या औषधाची असेल तर हा फरक थेट रुग्णाच्या रक्तदाबावर दिसतो. हे पकडायला वॉर्डात उभं राहून, सिरिंज हातात घेऊन बघावं लागतं. फोन लावून ते सापडत नाही.

कॉटरीचंही (ऑपरेशनमध्ये विजेने कापायच्या यंत्राचंही) तेच. ओटीतून हाक येते, ‘कट होत नाहीये, पॉवर वाढवा.’ कसलेला तंत्रज्ञ पॉवरच्या बटणाला हात लावण्याआधी पेशंट प्लेट बघतो, म्हणजे करंट परत न्यायला पेशंटच्या अंगाला चिकटवलेली पट्टी. जेल सुकलेली, प्लेट अर्धवट चिकटलेली, नाहीतर सर्जनच्या हातातल्या कापायच्या पेन्सिलची वायर मोडलेली. प्लेट नीट बसलेली नसताना पॉवर वाढवली तर प्लेटखालची कातडी भाजते. सर्जन ऑपरेशनमध्ये गुंतलेला, पेशंट भुलीत. ‘थांबा सर’ म्हणायला तिथे कोणीतरी जाणता माणूस लागतो, आणि सर ऐकतील एवढं त्याचं वजनही लागतं. त्याला शिपायासारखं वागवलं तर ते वजन कुठून येणार?

‘सगळ्याला एएमसी असतेच’

हे लिहिणाऱ्याने करार उघडून बघितला असावा असं वाटत नाही. एएमसीत सहसा पार्टचे पैसे वेगळे. पार्टसकट हवी असेल तर सीएमसी (सर्वसमावेशक करार), तिचा दर चढा, आणि तिच्यातूनही प्रोब, कफ, बॅटऱ्या, सेन्सर बहुधा वगळलेले. म्हणजे रोज झिजतं तेच करारात नाही. बरं, करारातलं काम खरंच झालं का, हे कोण बघणार? तासभराचं पीपीएम (ठरावीक मुदतीची तपासणी-देखभाल) पंधरा मिनिटांत उरकून ‘सर, इथे सही’ म्हणणारे महाभाग आम्ही सगळ्यांनीच पाहिलेत. सही करणाऱ्याला कळत नसेल तर एएमसीचे पैसे पाण्यात.

नवं यंत्र येतं तेव्हाही हाच प्रश्न. २०२१ च्या मे महिन्यात पीएम केअर्समधून आलेल्या व्हेंटिलेटरचा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला होता. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची तक्रार होती की यंत्रं सदोष आहेत. केंद्राचं म्हणणं पडलं की यंत्रं ठीक आहेत, वापरणाऱ्यांना नीट प्रशिक्षण नाही. कोण बरोबर, यात इथे शिरत नाही. पण यंत्र उतरवून घेताना ऑक्सिजनचा दाब, फ्लो सेन्सर, अलार्म एकेक तपासून कागदावर घेणारा माणूस असला, तर असल्या वादात निदान बोलायला पुरावा असतो.

‘बिघडल्यावर बघू’

हे मेसेजमध्ये उघड लिहिलेलं नाही, पण सगळा सूर तोच आहे. केंद्राने २०१५ मध्ये सरकारी आरोग्यसंस्थांतल्या उपकरणांची मोजदाद केली, तेव्हा २९ राज्यांत साडेसात लाखांहून जास्त उपकरणं निघाली आणि राज्याराज्यांत त्यांतली १३ ते ३४ टक्के बंद पडलेली. त्यातूनच देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. उपकरणं चालू राहण्याचं लक्ष्य ठरलं: जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रात ९०, प्राथमिक आरोग्य केंद्रात ८०. काम खाजगी एजन्सीला, लक्ष्य चुकलं तर दंड.

दंडाची तरतूद चांगलीच आहे. पण तो टाळायला गावोगाव धावतो तो एजन्सीच्या पेरोलवरचा तंत्रज्ञ. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये जगजीत सिंग प्रकरणात सरकारच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना समान कामासाठी समान वेतनाचं तत्त्व लागू केलं. त्याचा आधार घ्यायला हा मुलगा गेला की सरकार म्हणणार, ‘तू आमचा नाहीस.’ एजन्सी म्हणणार, ‘टेंडरचा दरच एवढा आहे.’

आणि ९ जानेवारी २०२१ ची भंडारा जिल्हा रुग्णालयातली रात्र. नवजात शिशू कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. एक तंत्रज्ञ असता तर ती टळलीच असती, असं मी म्हणणार नाही. पण गळती करंट (यंत्रातून बाहेर झिरपणारी वीज) मोजणं, गरम होणारा प्लग बदलणं, एका सॉकेटवर तीन वॉर्मर लावू न देणं ही कामं बिघाड होण्याआधीची आहेत. त्यांसाठी कस्टमर केअरचा नंबर नसतो.

‘पंधरा हजार पुष्कळ झाले’

आधी जाहिराती वाचा. बीई बायोमेडिकल किंवा मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, तीन वर्षांचा अनुभव, एनएबीएचची (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाची) कागदपत्रं यायला हवीत, रात्री-अपरात्री ऑन कॉल. दहावीनंतर डिप्लोमाला तीन वर्षं जातात, आयटीआयच्या मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स ट्रेडला दोन. पगाराच्या रकान्यात मात्र ‘इंडस्ट्रीच्या नियमांप्रमाणे’.

जिथे आकडा देतात तिथे तो सीटीसी असतो, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. समजा वर्षाला तीन लाख, म्हणजे महिना २५,०००. बेसिक निम्मं धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० त्यातूनच कापलेले. उरले २२,९००. त्यातून तुमचा पीएफ १,५००, व्यवसाय कर २००. हातात एकवीस हजार दोनशे. शहरात कॉट बेसिसवर राहून, रात्री दोनला पेट्रोल जाळून यायचं ते यात. ऑन कॉलचा भत्ता मागितला की ‘तुमचं काम अत्यावश्यक सेवेत येतं’ हे ऐकायला मिळतं. पगाराच्या वेळी फक्त फोन लावणारा, ड्युटीच्या वेळी अत्यावश्यक!

‘बाहेर रांग आहे’

आहे, फ्रेशर्सची. ती पोरं वर्ष-दीड वर्ष हॉस्पिटलात हात साफ करतात आणि मग कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर म्हणून, नाहीतर आखातात जातात. हॉस्पिटल पुन्हा नवा फ्रेशर घेतं, आणि कोणत्या मॉनिटरची बॅटरी कधी बदलली, कोणता डिफिब (हृदयाला शॉक देणारं यंत्र) गेल्या महिन्यात रुसला होता, ही माहिती जुन्याबरोबर गेटाबाहेर पडते. मग कंपनीत गेलेला तोच मुलगा तुमच्याकडे व्हिजिट चार्ज लावून येतो.

‘भुर्दंड रुग्णालाच’

हिशेबच करू. शंभर खाटांचं हॉस्पिटल, तीन तंत्रज्ञ, प्रत्येकाला दहा हजारांची वाढ. महिन्याला तीस हजार, पीएफ वगैरे धरून पस्तीस म्हणा. खाटा साठ टक्के भरलेल्या असल्या तर महिन्याचे १,८०० खाट-दिवस. एका रुग्णामागे दिवसाला वीस रुपयेसुद्धा होत नाहीत. रिसेप्शनसमोरच्या मशीनमधला चहा याहून महाग मिळतो.

तर मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना एकच विनंती. पुढच्या भरतीच्या जाहिरातीत तीन गोष्टी छापा: हातात किती पडणार, एका माणसाच्या अंगावर किती यंत्रं आहेत, आणि रात्रीच्या कॉलचे किती देणार. रांग किती लांब आहे ते मग मोजू.