आजोबांचा रेडिओ मी पुसला

दिवाळीच्या साफसफाईत आईनी फर्मान काढलं, माळ्यावरचा आजोबांचा रेडिओ साफ तरी कर नाहीतर रविवारी जुन्या बाजारात देऊन ये. म्हटलं करतो साफ, त्यात काय एवढं.

कॉन्टॅक्ट क्लीनर आणायला तपकीर गल्लीत गेलो तर दुकानदार मान वर न करता म्हणाला, "व्हॉल्व्हचा सेट ना? मग हे पण न्या, जगायचं असेल तर," आणि 10 किलो-ओहम, 10 वॅटचा एक पांढरा रेझिस्टर पुढ्यात टाकला. प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरात 250-300 व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात म्हणे, आणि स्क्रूड्रायव्हरनी शॉर्ट करायचं नाही, ठिणगी उडते, कपॅसिटर पण जाऊ शकतो, रेझिस्टर लावून हळूहळू उतरवायचं आणि मग मीटरनी बघायचं. पेठेतल्या दुकानात एवढं ज्ञान फुकट मिळालं, खरा शॉक मला तिथेच बसला.

घरी येऊन प्लग काढलेलाच आहे हे तीनदा बघितलं, रबरी स्लिपर घातल्या, आणि करंट छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात पाठीमागे ठेवून कामाला लागलो. आई म्हणाली, "कुठल्या बाईंनी शिक्षा केलीये?" मी लक्ष दिलं नाही. मीटरवर शून्य आलं तेव्हा कुठे श्वास सोडला.

आत ट्रान्सफॉर्मरला टेकून कुंभारमाशीनी मातीचं ऐसपैस घर बांधलेलं (आम्हाला वन बीएचके परवडेना, ही सदाशिव पेठेत बंगला बांधून मोकळी). ते काढलं, मऊ ब्रशनी धूळ झाडली, गँगच्या (स्टेशन लावायला फिरतो त्या कपॅसिटरच्या) पाकळ्या वाकू नयेत म्हणून श्वास रोखून. व्हॉल्व्ह म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, त्यांच्यावरचे नंबर नुसत्या बोटानी पण पुसले जातात, म्हणून त्यांना हात लावला नाही. बँड स्विचवर क्लीनर मारून खटाखट फिरवला. एकदम प्रोफेशनल.

राहिली डायलची काच. काच काय, पुसायचीच वस्तू! ओल्या फडक्यानी पुढून पुसली, उलटी करून मागून पण पुसली. मग फडक्याकडे बघितलं तर त्यावर पिवळट रंगात 'सिलोन' आलेलं. गावांची नावं मागच्या बाजूला छापलेली असतात हे त्या दुकानदारानी सांगायला नको?

आई खूश, "काच बघ कशी लख्ख निघाली!"

बाबांनी चष्मा लावून वाकून बघितलं.

"मारुतीला लंका जाळायला शेपूट पेटवावी लागली रे," ते म्हणाले, "तुझं एका फडक्यात भागलं."