नर्स पाहिजे, पगार समक्ष

सर, तुमच्या दवाखान्याच्या गेटवर 'नर्स पाहिजे, पगार समक्ष' असा फ्लेक्स लटकतोय. दर उन्हाळ्यात त्याची अक्षरं विटतात, दर उन्हाळ्यात तुम्ही नवा छापून आणता. पोरी येतात, सात-आठ महिने काढतात आणि एका सकाळी नाइट ड्युटीचा चार्ज सोपवून ज्या जातात त्या पुन्हा फिरकत नाहीत. 'एवढं करूनही टिकत नाहीत,' असं तुम्ही परवा मेडिकलवाल्याला सांगत होतात. मराठवाड्यातल्या तीन जिल्ह्यांचे दवाखाने पालथे घातलेली सिस्टर आहे मी. नर्स कशी टिकवावी हे माझ्याइतकं कोण सांगणार? मी स्वतः कुठं टिकले नाही, ती गोष्ट वेगळी.

सुरुवात कागदांपासून करा. पोरगी रुजू झाली की तिची जीएनएमची, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाची, मार्कशीट आणि रजिस्ट्रेशनचा ओरिजनल कागद मागून घ्या आणि लोखंडी कपाटात ठेवा. दोन वर्षं सोडणार नाही, असं बाँडपेपरवर लिहून घेतलंत तर उत्तमच. दवाखाना म्हणजे एक कुटुंब, हे वाक्य कपाटाला कुलूप लावल्यावर बोलायचं. कुणी गेलीच, तर अनुभवाचा दाखला अडवा. बाकीच्यांना चांगला धडा मिळतो. (तो धडा घेऊन त्या त्याच रात्री मोबाइलवर पुण्यातल्या जागा शोधतात. पण ते तुम्हाला दिसत नाही.)

पगाराचं फार मनावर घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्र सरकारने एक समिती नेमली होती. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला महिना २०,००० रुपयांच्या खाली पगार नसावा, असं ती सांगून बसली. दोनशेच्या वर खाटा असतील, तर थेट सरकारी नर्सइतका. पण शिफारस म्हणजे काही हुकूम नव्हे, आणि तुमच्या तर तीसच खाटा. तुम्ही आपलं म्हणा, 'इथं शिकायला किती मिळतं!' हे खरंही आहे. माणसं कमी असली की एकटीला सगळं शिकावंच लागतं. नर्सिंग कौन्सिलच्या हिशेबात साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स लागते. तुमच्याकडे रात्री तीस खाटांमागे एक सिस्टर, एक मावशी आणि कॅलेंडरवरची तुळजाभवानी असते.

पैसे द्यायचे नसतील तर समाधान द्या. ते कसं द्यायचं, त्यासाठी एका दवाखान्यातली रात्र सांगते. फवारणीचं औषध पोटात गेलेला शेतकरी आणला होता. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तिथल्या सरांनी पोट धुवून घेतलं, औषधं लिहिली आणि ते वरच्या मजल्यावर घरी झोपायला गेले. या विषावरचं अ‍ॅट्रोपिन एकदा टोचून भागत नाही. पुन्हा पुन्हा छाती ऐकायची, घरघर कमी झाली का बघायचं, नाडी मोजायची. कमी पडलं तर माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडतो, जास्त झालं तर बडबडायला लागतो, सलाईन उपसतो. छाती, नाडी, डोळे. परत छाती, नाडी, डोळे. उजाडेपर्यंत बूड टेकलं नाही. मधेच सात नंबरची सलाईन संपली म्हणून कुणाच्या तरी मेव्हण्याने माझी आई काढली.

चौथ्या दिवशी तो गडी उठून बसला. त्याच्या बापाने सरांच्या पायावर डोकं ठेवलं, 'देव आहात तुम्ही.' सरांनी त्याला उठवलं आणि मागे ट्रे धरून उभ्या असलेल्या मला म्हणाले, 'सिस्टर, बिलाची फाइल आणा.' जाताना त्याच्या बायकोने मात्र माझा हात धरला. 'माय, त्या रात्री तू काही खाल्लंस का न्हाई?'

त्या एका वाक्यावर मी तिथं आणखी पाच महिने काढले. सरांचा एक रुपयाही खर्च झाला नाही.

योहानेस सीग्रिस्ट नावाच्या जर्मनीतल्या एका समाजशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये याचा हिशेब मांडला. माणूस कामात जेवढं ओततो तेवढं त्याच्याकडे परत यायला हवं, नाही तर तब्येत बिघडते. परत यायच्या गोष्टी तीन: पैसा, मान आणि नोकरीची शाश्वती-बढती. समाधान त्याने वेगळं धरलेलंच नाही. आमचा किराणावालाही धरत नाही. बढतीचं म्हणाल, तर सरकारात अधिपरिचारिकेची परिसेविका होते, पुढे अधिसेविका होते. तुमच्याकडे सिस्टरची सिस्टरच होते. फार हुशार निघाली तर तिला कॅश काउंटरवरही बसवतात.

राहिला मान. तो १२ मे रोजी, परिचारिका दिनाला, उरकून घ्यावा. सकाळी गुलाब, दुपारी केक, केकवर दवाखान्याचं नाव. भाषणात नर्सला सेवेची देवी म्हणा. देवी कधी पगारवाढ मागत नाही. नाइटिंगेलबाई दिवा घेऊन वॉर्डात फिरायच्या, इतकंच सांगा. क्रिमियाच्या युद्धातल्या मृत्यूंचे आकडे मांडून त्यांनी सरकारच्या नाकी नऊ आणले होते, ते मात्र भाषणात येऊ देऊ नका. आणि फोटो झाल्यावर डबल ड्युटी कुणाची आहे ते लगेच जाहीर करा, म्हणजे केक अंगी लागतो.

एवढं करूनही पोरी जातीलच. एखादी सरळसेवेची परीक्षा देईल, एखादी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणं गाठेल. परवा तर एकीच्या उशाखाली जर्मन भाषेचं पुस्तक सापडलं म्हणे. तुमच्या कपाटातल्या कागदांची दुसरी प्रत काढता येते, हेही त्यांना आता ठाऊक झालंय.

तेव्हा फ्लेक्सवर दरवर्षी खर्च करू नका, सर. बसस्टँडमागे एक पेंटर आहे, पत्र्यावर ऑइलपेंटने झकास अक्षरं काढून देतो. उन्हापावसात दहा वर्षं हलत नाहीत.