काउगेट म्हणजे गाईंचं फाटक नव्हे

लेख आवडला, पण त्यात एडिंबराच्या काउगेट या रस्त्याच्या नावाचा अर्थ 'गाई आत यायचं फाटक' असा दिलाय तो चुकलाय. स्कॉटलंडच्या जुन्या स्कॉट्स भाषेत गेट म्हणजे रस्ता, हा शब्द व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या 'गाता'वरून आला, स्वीडिशमधे अजूनही रस्त्याला गाताच म्हणतात. म्हणजे काउगेट ही गुरं हाकत न्यायची वाट, ग्लासगोचा गॅलोगेट ही फाशीच्या जागेकडे जाणारी वाट, आणि एडिंबराचीच कॅननगेट ही होलीरूड मठातल्या धर्मगुरूंची (म्हणजे कॅननांची) वाट, जो मठ राजा डेव्हिड पहिला याने ११२८ मधे स्थापन केला.

मग फाटकाला काय म्हणायचे? गढ्या-किल्ल्यांच्या लोखंडी जाळीच्या दाराला येट, आणि शहराच्या वेशीला पोर्ट! मी तिथे गेलो होतो तेव्हा हाय स्ट्रीट आणि सेंट मेरीज स्ट्रीट जिथे मिळतात तिथे रस्त्यात बसवलेले पितळी ठोकळे बघितले, नेदरबो पोर्ट ही वेस होती ती जागा, १७६४ मधे पाडली ती. शेजारच्या पबचं नावच वर्ल्ड्स एंड आहे, वेशीपाशी आपलं जग संपलं असं तेव्हाच्या लोकांना वाटायचं म्हणे.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की गेटचा अर्थ नुसता रस्ता नाही, रीत, पद्धत असाही होता. 'गँग यर गेट' म्हणजे अगदी आपलं 'आपल्या वाटेने जा'. इंग्रजीत चालण्याच्या ढबीला गेट (gait) म्हणतात तो शब्दही मुळात हाच, फक्त स्पेलिंग वेगळं. प्लीज लेखात तेवढी दुरुस्ती करा, इतका सुंदर शब्द आहे हो.