जलशुद्धीकरण यंत्र निवडताना घ्यावयाची दक्षता

नवी मुंबईतील सुजाण कुटुंबाने जलशुद्धीकरण यंत्र घेताना आपल्या नळाला पाणी कुठून येते, ही चौकशी सर्वप्रथम टाळावी. ते खालापूरजवळच्या मोरबे धरणातून येते, भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होते आणि मुळात पावसाचे असल्यामुळे त्यात क्षार बेताचेच असतात, हे एकदा कानावर पडले की क्षार काढणारे आर.ओ. यंत्र घेण्याचा सगळा उत्साह मावळतो. (घोडबंदर रस्त्यावरच्या ज्या सोसायट्या बोअरवेलच्या टँकरवर दिवस काढतात, त्यांना आर.ओ.ची खरोखरच गरज असू शकते; म्हणूनच त्यांचा विचार येथे केलेला नाही.)

त्यानंतर विक्रेत्याला घरी बोलवावे, शक्यतो आजी घरात असताना. तो दोन पेले मांडतो, एकात नळाचे पाणी व दुसऱ्यात यंत्राचे, आणि लोखंडाच्या व ॲल्युमिनियमच्या कांड्या दोन्हींत बुडवून बटण दाबतो. पाहता पाहता नळाचे पाणी तपकिरी होऊन त्यावर गंजट साका तरंगू लागतो, यंत्राचे पाणी नितळ राहते आणि आजी तोंडाला पदर लावतात. तो साका विजेने झिजणाऱ्या लोखंडी कांडीचा असतो आणि दुसऱ्या पेल्यात क्षारच नसल्यामुळे वीज धड वाहत नाही, हे शाळेतले ज्ञान घरातल्या दहावीच्या मुलाने अशा प्रसंगी पाजळू नये. नितळ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा बटण दाबा, असे सुचवणे तर आतिथ्याला मुळीच शोभणारे नाही.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर मात्र पूर्ण श्रद्धा ठेवावी. भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे विरघळलेले घटक स्वीकारार्ह आहेत आणि त्याहून कमी क्षारांच्या पाण्याला आर.ओ. लावण्यास मनाई करावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले होते; पण लवाद आपल्या स्वयंपाकघरात थोडाच येतो? काविळीचे किंवा टायफॉइडचे जंतू या मीटरला दिसत नाहीत, ही त्याची उणीव नसून सभ्यता समजावी. क्षार काढण्याचे पैसे दिल्यावर तेच क्षार परत घालणारे मिनरल कार्ट्रिज वेगळे पैसे मोजून बसवून घ्यावे, आणि लिटरभर पाण्यामागे जे दोन-तीन लिटर मोरीत जाते त्याने फरशी पुसावी, म्हणजे पर्यावरणप्रेमाचे पुण्यही पदरी पडते.

गच्चीवरील टाकीचे झाकण मोडलेले आहे व तिच्या काठावर कबुतरांचा संसार थाटलेला आहे, हा विषय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत कदापि काढू नये. टाकी धुतल्याने सगळ्याच बिऱ्हाडांचे पाणी सुधारते, आणि मग आपल्या घरच्या पाण्याचे वेगळेपण काय राहिले?

आणीबाणीचा प्रश्न शेवटी उरतो. जुलैच्या पावसात वीज गेली की आर.ओ.चा पंप आणि जंतू मारणारा यू.व्ही.चा (अतिनील किरणांचा) दिवा दोन्ही एकदमच मान टाकतात, आणि नेमके तेव्हाच नळाला गढूळ पाणी येते. अशा वेळी पाणी फडक्यातून गाळून, गॅसवर पातेले ठेवून मिनिटभर खळखळून उकळण्याचा मोह होईल. तो निग्रहाने आवरावा, कारण त्याने जंतू मरत असले तरी पातेल्याची वार्षिक देखभाल करून देणारा एकही माणूस ठाण्यापासून बेलापूरपर्यंत मिळणार नाही.