पिक्चर पोरांना चालेल का? न बघता कसं ठरवायचं

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावून मोठ्या पोरांना ‘द हंगर गेम्स’ दाखवायचं ठरलं, आणि त्यावरून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे काही झालं त्यातून मला इतकं ज्ञान मिळालंय की एकटीला पचेना. घरात 13-14 वर्षांचं पोर असेल तर तुम्हीही घ्या थोडं.

पहिली गोष्ट, पिक्चर स्वतः बघायचा नाही. बघितला की मत बिघडतं. ट्रेलर बास, तोही म्यूटवर, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता.

नावात ‘गेम्स’ आहे म्हणजे मुलांचाच असणार.

सर्टिफिकेटकडे नजर टाकायची, पण वाचायचं नाही. यूए म्हणजे ‘या सगळे’ असं समजायचं. 1983 पासून ही ‘लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचा’वाली कॅटेगरी आहे, पण ते मार्गदर्शन करणारे पालक म्हणजे नेमके कोण हे अजून कुणालाच कळलेलं नाही. नोव्हेंबर 2024 पासून यूएचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झालेत, तर होऊ देत, आपण काय शाळेत आहोत का आकडे वाचायला. आणि ए, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीच्या, सर्टिफिकेटच्या शोला गेटवरच्या पोराने तुमच्या पंधरा वर्षांच्या चिरंजीवांना अडवलं तर त्याच्यावरच चढायचं, “मी बाप आहे ना सोबत!” (कायद्याने बाप सोबत असला तरी चालत नाही, पण कायदा काय, बाप काय.)

आता मेन मुद्दा. रक्त चालतं, पप्पी चालत नाही.

पिक्चरमध्ये 12 ते 18 वर्षांची 24 पोरं एकमेकांना मारायला जंगलात सोडलीत, लोक ते टीव्हीवर बघतायत, पहिल्याच दिवशी जवळपास निम्मी संपतात, तेव्हा आमच्या गच्चीवर भेळ फिरत होती आणि कुणीतरी “कांदा कमी आहे” म्हणालं. मग बारा वर्षांच्या रूला भाला लागतो, ती मरते, पोरं एकदम गप्प झाली, माझ्या लेकीने माझा हात धरला, आणि मागे दोन जण पार्किंगवरून भांडत होते. कुणाला काही खटकलं नाही. पण पुढे गुहेत त्या जखमी पोराला नायिकेने जरा जवळ घेतलं मात्र, सोसायटीतले एक काका उठले ते थेट पडद्यासमोर जाऊन हात पसरून उभे! आता काकांच्या अंगात पांढरं बनियन, त्यामुळे अख्खा किस त्यांच्या पोटावर झळकला, तोही हलणारा. पिक्चर तिथेच बंद. रात्री ग्रुपवर संस्कृतीवर मेसेज आणि त्याखाली नुसते अंगठे.

ब्रिटनमध्ये याच पिक्चरला 12ए (बाराच्या आतल्यांनी मोठ्यांसोबत बघायचं) सर्टिफिकेट मिळावं म्हणून 7 सेकंद कापले, रक्ताचे शिंतोडे कॉम्प्युटरवर पुसले. मरणारी पोरं तेवढीच, फक्त डाग गेले. मला तर उलट त्याचीच जास्त भीती वाटते, पण निदान त्यांनी बसून बघितला तरी.

पोराने प्रश्न विचारला तर “झोप आता.”

मी हेच म्हणणार होते. पण लेक म्हणाली, “आई, ते टीव्हीवर बघून टाळ्या वाजवणारे लोक, त्यांना पण घरी मुलं असतील ना गं?” मला उत्तर देता आलं नाही. एक वाजेपर्यंत बोलत बसलो. आणि दुसऱ्या दिवशी पोरं पाण्याच्या टाकीपाशी कशावर बोलत होती? किसवर? नाही हो. पिक्चरमधल्या तीन बोटांच्या सलामासाठी, जो बंडाची खूण आहे, 2014 मध्ये थायलंडमध्ये खऱ्या पोलिसांनी खऱ्या विद्यार्थ्यांना पकडून नेलं होतं, त्यावर!

अहो, सरसकट कुणी सांगत नाही की सगळ्या पोरांना दाखवा. रात्री दचकून उठणारं असेल तर नका दाखवू, वर्षभर थांबा, तुमचं पोर तुम्हाला माहीत हवं ना! पण तुम्हाला ना पोराची भीती माहीत, ना पिक्चरची गोष्ट, आणि ग्रुपवर निकाल देता? दोन तास वीस मिनिटं बसवत नाही तुम्हाला पोरांच्या शेजारी, फोन खाली ठेवून? त्याच फोनवर पोरं काय काय बघतात ते विचारलंत कधी?

पिक्चर अर्धवट राहिलाय. शनिवारी उरलेला मी लावणारे. काका, तुम्हीही या. शर्ट घालून या, आणि खाली बसा.