‘सगळा माल चीनचाच’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. मागच्या लेखाखाली ती जशीच्या तशी आहे, शेवटच्या तीन हसऱ्या चेहऱ्यांसकट. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: महागड्या बॅगा कुठे बनतात आणि अस्सल-नकली कसं ओळखायचं यावर मी लिहिलं होतं. त्यावर भाऊ म्हणतात, “ताई, घरबसल्या ज्ञान पाजळणं सोपं असतं. सगळा माल चीनमधूनच येतो, फ्रान्स-इटलीत फक्त शिक्का मारतात, त्यामुळे अस्सल आणि फर्स्ट कॉपी असा फरकच उरत नाही. बॅगेतला नंबर नेटवर टाकला की कळतं, नाहीतर लायटर लावून बघायचं. एवढ्या पैशात बर्डीवर शंभर बॅगा येतात.” (बर्डी म्हणजे आमच्या नागपूरची सीताबर्डी, तिथला बाजार.)

आधी ते ‘घरबसल्या’. मी बॅगा उसवते आणि परत शिवते. हँडल बदलणं, चेन बसवणं, अस्तर काढून नवीन लावणं, कडांना रंग देणं यावर माझं पोट चालतं, आणि इतकी वर्षं चालत आलंय. बॅग आतून कशी असते हे मी रोज बघते. तुम्ही किती उसवल्या, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही. मतभेद असू देत, माझी काही हरकत नाही. पण ‘ज्ञान पाजळणं’ हा शब्द समोरासमोर बसून वापरला असता का? मला नाही वाटत.

एक मात्र तुमचं मान्य. बॅगेची किंमत आणि तिच्यात गेलेली मजुरी यांचा मेळ बसत नाही. बरीचशी किंमत नावाची असते. हे लेखात मी ओझरतं लिहिलं, ठळक लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

आता ते मधलं वाक्य, ‘सगळा माल चीनमधूनच येतो’, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे.

हे वाक्य तुमचं नाही, ते व्हिडिओतून आलंय. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचं आयातशुल्क १४५ टक्क्यांवर नेलं, आणि लागलीच चिनी विक्रेत्यांचे व्हिडिओ फिरायला लागले की मोठ्या ब्रँडच्या बॅगा आम्हीच बनवतो, थेट आमच्याकडून घ्या. आपल्याकडे ते व्हॉट्सॲपवरून आले. सांगणारा स्वतःच बॅगा विकतोय, हे निदान ध्यानात घ्यायचं होतं की नाही?

हर्मेस या फ्रेंच कंपनीच्या चामड्याच्या बॅगा फ्रान्समधल्या तिच्या स्वतःच्या कारखान्यांत बनतात आणि साधारणपणे एक बॅग एकच कारागीर पुरी करतो. लुई व्हिटॉनचे कारखाने फ्रान्समध्ये बरेच आहेत. पॅरिसजवळच्या आनिएरचं जुनं वर्कशॉप १८५९ चं. पण स्पेनमध्येही आहे, कॅलिफोर्नियात सॅन डिमासला आहे आणि २०१९ मध्ये टेक्सासात अल्वाराडोला सुरू झालाय. म्हणून व्हिटॉनच्या बॅगेत ‘मेड इन यूएसए’ दिसलं की घाबरायचं कारण नाही. शनेल फ्रान्स आणि इटलीत शिवून घेते. गुचीचं सगळं गणित इटलीतल्या फ्लोरेन्सजवळच्या स्कांदिच्चीभोवती फिरतं. आणि कोच, मायकल कोर्स या अमेरिकन ब्रँडच्या बॅगा व्हिएतनाम, कंबोडिया, फिलिपाईन्स, चीन इथे बनतात. कंपनी ते लपवत नाही, आत लेबलवरच छापते. अमेरिकेहून भाच्याने आणलेल्या कोचमध्ये ‘मेड इन व्हिएतनाम’ दिसलं म्हणून धरमपेठेतल्या मावशींनी ती नकली ठरवली, असं होऊ नये म्हणून तर तो लेख होता.

आता ‘शिक्का मारतात’. युरोपच्या कस्टम नियमात, एखादी वस्तू दोन-तीन देशांत मिळून तयार झाली असेल, तर जिथे शेवटची महत्त्वाची प्रक्रिया झाली तो तिचा देश धरतात. त्यामुळे बक्कल एका देशातलं, अस्तर दुसरीकडचं आणि लेबल इटलीचं, हे नियमात बसू शकतं. पण निव्वळ लेबल डकवणं ही शेवटची महत्त्वाची प्रक्रिया होत नाही.

तुम्हाला खरोखर बोट ठेवायचं होतं तर एक जागा होती, ती तुम्ही सोडलीत. जून २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने डिऑर या फ्रेंच ब्रँडच्या इटलीतल्या एका उत्पादक कंपनीला वर्षभरासाठी देखरेखीखाली ठेवलं. तिची कंत्राटं घेणाऱ्या, मिलानच्या आसपासच्या चिनी मालकांच्या वर्कशॉपमध्ये मजूर तिथेच झोपत होते, काम भरभर उरकावं म्हणून मशीनवरची सुरक्षेची साधनं काढलेली होती. २,६०० युरोला विकल्या जाणाऱ्या बॅगेच्या जुळणीला ५३ युरो दिल्याचं त्या कागदपत्रांत आहे, चामड्याचा खर्च वेगळा. त्याआधी एप्रिलमध्ये अर्मानीच्या कंपनीवरही असाच आदेश निघाला होता. म्हणजे चिनी हात आहेत, पण इटलीतल्या गाळ्यात. यातून कंपनीची लाज जाते, आणि जायलाच पाहिजे. बॅग मात्र अस्सलच राहते. कंपनीने स्वतःसाठी बनवून घेतलेली, कंपनीनेच विकलेली. कुठे बनली हा एक प्रश्न आणि अस्सल आहे का हा दुसरा. तुम्ही दोन्हींची भेळ केली आणि वर ‘फरकच उरत नाही’ असा निकाल दिला.

फरक कुठे उरतो ते सांगते. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बसा, ट्यूबलाइटखाली नाही. बॅग रिकामी करा. आधी शिलाई.

हर्मेसची बाहेरची शिलाई हाताची असते. सुती नव्हे, तर जवसाच्या धाग्याचा (लिननचा) मेणवलेला एकच दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना सुई, आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी एकेक फेर. टाका किंचित तिरका पडतो आणि एखादा तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनच्या शिलाईत वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा मध्ये अडकतात, टाके एका रेषेत सपाट बसतात, आणि एक तुटला की शेजारचे सुटायला लागतात. म्हणून हर्मेसच्या नावाच्या बॅगेवर बाहेरून मशीनसारखी सपाट सरळ शिलाई दिसली की मी थांबते. पण आतल्या खिशाला आणि चेनला मशीन चालतं, तिथे सरळ टाके दिसले म्हणून बोंब मारायची नाही. व्हिटॉनमध्ये तर मशीनचीच शिलाई असते, तिथे सरळ टाके दिसले म्हणून शंका घ्यायची नाही. ‘सरळ शिलाई म्हणजे अस्सल’ हा बर्डीवर चालणारा नियम म्हणूनच कामाचा नाही. हँडलच्या दोन टोकांवर स्केल ठेवून एका इंचातले टाके मोजा. दोन्हीकडे जुळले पाहिजेत.

व्हिटॉनचं मोनोग्रॅम कापड, म्हणजे एल-व्ही अक्षरांची नक्षी असलेलं, हे चामडं नाहीच. सुती कॅनव्हासवर पीव्हीसीचा थर असतो. हँडल आणि पट्ट्या मात्र बिनरंगवलेल्या गायीच्या चामड्याच्या. ते नवं असताना फिकट असतं आणि ऊन-हवा-हाताचं तेल लागून मधासारखं होत जातं. वापरून मऊ पडलेली बॅग आणि हँडल कोरं पांढरट, तर विचारा की हँडल बदललंय का. आणि व्हिटॉनच्या ‘स्पीडी’ नावाच्या बॅगेच्या पाठीवर मोनोग्रॅम उलटा दिसतो, कारण कापड अखंड एकच तुकडा असून तळाखालून वळवून वर घेतलेलं असतं. आपल्याकडे याच कारणासाठी अस्सल स्पीडी नकली ठरलेल्या मी पाहिल्यात. चामड्यात दाबलेल्या ‘लुई व्हिटॉन’ नावाच्या छापात इंग्रजी ओ अगदी गोल, एलचा पाय आखूड, दोन टी एकमेकांना जवळजवळ टेकलेले. शनेलच्या कुलपावरच्या दोन सी बघा: वर उजवा सी डाव्याच्या वरून जातो, खाली डावा उजव्याच्या वरून.

कडांचा रंग चांगल्या बॅगेत पातळ थरांत देतात आणि मध्ये घासून घेतात. नकलीत बहुधा एकच जाड रबरी थर असतो, तो आपल्या मे महिन्याच्या ४५ अंशांत कपाटातल्या कपाटातही चिकटतो. पण केवळ चिकटपणावर निकाल देऊ नका. नव्वदच्या दशकातल्या अस्सल व्हिटॉनच्या खिशाचं अस्तरही दमट हवेत विरघळून पापुद्रे सोडतं. आणि चेनवर वायकेके (चेन बनवणारी जपानी कंपनी) लिहिलेलं दिसलं तर तो काही पुरावा नाही. मोठे ब्रँडही वायकेके वापरतात.

आता तुमचा नंबर. व्हिटॉनचा जुना कोड हा बॅगेचा नंबरच नव्हे, तो कारखान्याचा आणि वेळेचा कोड आहे: अक्षरं कारखान्याची, आकडे वेळेचे. २००७ पासून पहिला-तिसरा आकडा आठवडा, दुसरा-चौथा वर्ष. एसडी ४१५२ म्हणजे २०१२ चा ४५वा आठवडा. त्या आठवड्यात त्या कारखान्यातल्या कितीतरी बॅगांवर हाच कोड. एसडी ८१७२ दिसलं तर ८७वा आठवडा कोणत्या कॅलेंडरात येतो ते विक्रेत्याला विचारा. गुचीतही नंबर मॉडेलचा असतो, त्या मॉडेलच्या सगळ्या बॅगांवर तोच. म्हणून नेटवर नंबर सापडला यातून काहीच सिद्ध होत नाही. नकली बनवणाराही तिथूनच उचलतो. मार्च २०२१ पासून व्हिटॉनने कोड बंद करून चिप घातली. तेव्हा नव्या बॅगेत कोड नाही म्हणून ती नकली, हेही खोटं.

लायटर कृपा करून कुणी लावू नका, राजेहो. व्हिटॉनच्या कॅनव्हासवर पीव्हीसी आहे, तो प्लॅस्टिकसारखाच वितळणार. अस्सल बॅग नकली ठरेल, वर भोक पडेल, आणि ते मला बुजवता येत नाही. पाण्याचा थेंब टाकून बघायचं खूळही तसंच, बिनरंगवलेल्या चामड्यावर त्याचा डाग कायमचा राहतो.

बर्डीवर शंभर येत असतील. घ्या.

परत लिहाल तर बॅगेचे फोटो जोडा: दोन्ही हँडलांची मुळं, आतला छाप, खिसा बाहेर काढून त्याची शिवण, चेनचा रनर दोन्ही बाजूंनी, तळाचे चारही कोपरे. उजेडात, फ्लॅश बंद करून. तेवढं असलं तर बोलता येईल.